आलमारीतले फोन

सोमवार, ४ ऑगस्ट

एकशे तीन! दोनदा मोजले. आठवी ते बारावी मिळून एकशे तीन फोन, आणि चावी माझ्या पदराला!

मुख्याध्यापक लिलाधर सरांनी प्रार्थना झाल्यावर सांगून टाकलं. शाळेत आलं की फोन बंद करायचा, माझ्याकडे, म्हणजे रत्नमाला मावशीकडे, जमा करायचा, शेवटची घंटा झाली की परत न्यायचा. पोरं अशी हंबरली जशी कोणी सुटीच रद्द केली. पण सरांचं ठरलं आहे. मागच्या महिन्यात राष्ट्रगीत चालू असताना कोणाच्या तरी दप्तरात डीजेचं गाणं वाजलं होतं. सर हलले नाहीत, राष्ट्रगीत संपेपर्यंत सावधानच उभे होते, पण कान लालभडक. मी तेव्हाच ओळखलं, आता काहीतरी होणार.

फोन ठेवायला कापडी कप्पे मीच शिवले. तीन रविवार मशीनवर बसली. शाळेच्या जुन्या पडद्याचं कापड, एकेका कप्प्यावर वर्ग आणि नंबर. ऑफिसातल्या लोखंडी आलमारीत आतून टांगले. ज्योत्सना मॅडम बघून म्हणाल्या, "मावशी, हे तर एखाद्या दुकानासारखं दिसून राहिलं!" नववीच्या वर्गशिक्षिका त्या. सहजासहजी कोणाला चांगलं म्हणत नाहीत. बरं वाटलं.

दहावीचा मोनू फोन देताना असा उभा, जशी बहीण सासरी चालली.
"मावशी, चावी हरवली तं?"
"तं मी बी तिच्यासंगं हरवीन. दे."

मंगळवार, ५ ऑगस्ट

एकशे चार. काल एकानं मोज्यात लपवला होता. आज स्वतःच आणून दिला. म्हणे दिवसभर पाय दुखला!

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मधल्या सुटीत एवढा आवाज! मी घाबरून बाहेर आली, वाटलं मारामारी झाली. मारामारी नव्हती, कबड्डी होती. दहावीच्या पोरी लिंबाखाली गोल करून बसल्या होत्या, एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या. मागच्या वर्षी याच लिंबाखाली याच पोरी बसायच्या, माना खाली, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. तेव्हा शाळा कशी दवाखान्यासारखी शांत असायची.

ज्योत्सना मॅडमनी तक्रारही केली, "आता गोंगाट वाढला." पण हसत केली.

मला या शाळेत एकोणतीस वर्षं झाली. घंटा देणं, पाणी भरणं, नोटीस फिरवणं. कामात कधी कमीपणा वाटला नाही, पण आता पोरं माझ्यासमोर रांगेत उभी राहतात, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येकाचं तोंड पाहायला मिळतं. कोण रडून आला, कोण जेवला नाही, सगळं कळतं. हे काम मला आवडलं. खरंच आवडलं.

घरी आमचे हे, भोजराज, म्हणतात, "आम्हाले जवाहरनगरले बारुदाच्या फॅक्टरीत फोन नेताच येत नव्हता. का बिघडलं?"
"मंग आता काहून दिवसभर धरून बसता?"
"तेव्हाचं आता वसूल करून राहिलो!"
दोन वर्षं झाली रिटायर होऊन. सकाळी वांग्याला पाणी देतात आणि मग जे मोबाईलवर बसतात! मी आज जेवताना सरळ हातातून घेतला, पिठाच्या डब्यावर ठेवला. म्हटलं, घरीही तोच नियम. गुपचूप जेवले. मग स्वतःहून गोष्टी सांगायला लागले, फॅक्टरीतल्या, बसमधल्या. किती दिवसांनी!

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज एक गोष्ट झाली. कोणाला सांगायची नाही म्हणून इथे लिहिते.

शाळा सुटताना नववीचे फोन वाटत होती. रिंकूचा फोन हातातून सटकला, फरशीवर पडला, मागचं झाकण उडालं. माझा जीव गेला! एवढी वर्षं एक कप फुटला नाही माझ्या हातून. वाकून उचलला तर आत बॅटरीच नव्हती. बॅटरीच्या जागी वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा, बरोबर मापानं कापलेला, वरून चिकटपट्टी. कोपऱ्यात वाळकी माती.

वर पाहिलं. रिंकू समोरच उभी. चेहरा पांढरा. तिच्या मागे सात-आठ पोरी रांगेत.

मी झाकण दाबून बसवलं. मोठ्यानं म्हटलं, "फुटला नाही हो बाई, देवानं वाचवलं. घे." तिनं घेतला आणि पळाली.

बुधवार, १३ ऑगस्ट

रिंकू आज सर्वांत आधी आली. घंटा द्यायला अर्धा तास होता. मी अंगण झाडत होती. ती कोपऱ्यात उभी राहिली, दप्तराचा पट्टा पिळत.

"मावशी, सरले सांगशील का?"
"काय सांगू?"
"फोनाचं."
"पहिले मले तं सांग. कोठून आणला?"
"बाबाच्या जाळ्यात आला."
मला हसूच आलं! पण तिचा बाप तुलाराम ढिवर, नदीत जाळं टाकतो. उन्हाळ्यात कारध्याच्या पुलाखाली जाळ्यात वाडीस जातीच्या मासोळ्यांसंगं हा फोन आला. आठ दिवस तांदळात ठेवला. नाहीच चालू झाला. घरी एकच फोन, तो बापाजवळ असतो, मासोळीची गिऱ्हाईकं त्यावरच बोलतात.

"पण शाळेत कायले आणतेस मंग?"
म्हणाली, "पहिले सगळ्या पोरी सुटीत फोन काढत. मी पुस्तक काढू. त्या म्हणत, हे पाहा, वाचून राहिली हुशार. आता सगळ्या रांगेत उभ्या राह्यतात. मी बी राह्यतो. कप्प्यात गेला का सगळ्यायचा सारखाच."

मी झाडत राहिली. मग म्हटलं, "तुहा कप्पा सतरा नंबरचा. रोज ठेवत जा. पण झाकणाले रबर लाव, पुन्हा उडायचं."

हसली. पुढचे दोन दात थोडे पुढे आहेत, हसली की लहान वाटते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

झाकणाला रबर आहे. लाल.

मंगळवार, १९ ऑगस्ट

शहापूरच्या बाजारात रिंकूची आई भेटली, कुंताबाई. टोपलीत मरळ होती, जिवंत, शेपटी आपटत होती. मी अर्धा किलो घेतली, तिनं एक जास्तीची टाकली.
"आमची रिंकी कशी हाये वो शाळेत?"
"चांगली आहे. गणितात पुढं आहे."
"मागच्या साली रोज रडे, मले फोन पाह्यजे, फोन पाह्यजे. आता पंधरा दिवस होऊन राह्यले, नावच काढत नाही. तुमच्या सरायनं भल्लं केलं बाप्पा."

मी मान हलवली. तिला माहीत नाही. जाळ्यातला फोन घरी कोपऱ्यात पडला आहे असंच तिला वाटतं. टोपलीवर पाणी शिंपडता शिंपडता गिऱ्हाईकाशी बोलायला लागली. हात किती भरभर चालतात तिचे!

घरी येऊन रस्सा केला. हे दोनदा भात घेऊन जेवले.

शनिवार, २३ ऑगस्ट

तान्हा पोळा. आमच्या गल्लीतली लेकरं लाकडी बैल सजवून घेऊन आली. सगळ्यांना खाऊ दिला. यांनी एकेका बैलाचा फोटो काढला, मग स्वतःच फोन पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला! न सांगता!!

गुरुवार, २८ ऑगस्ट

आता घरी आहे. कोरडी साडी नेसली, चहा झाला.

सकाळपासून पाऊस होता, पण असा पाऊस आम्ही किती पाहिले. दुपारी दीडला बारावीचा एक पोरगा धावत आला. रपट्यावरून पाणी जाऊन राहिलं! शाळा आणि पलीकडची गावं यांच्यामध्ये नाला आहे, त्यावर तो ठेंगणा पूल, रपटा. अर्धी शाळा पलीकडून येते. वैनगंगेला पूर आला की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं.

लिलाधर सर भंडाऱ्याला मीटिंगला गेले होते. शाळेचा म्हणून जो नंबर सगळ्यांकडे आहे तो त्यांचाच, आणि तो लागत नव्हता. ज्योत्सना मॅडमकडे कारभार. त्या फाटकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. पलीकडे माणसं जमली होती, छत्र्या दिसत होत्या, हात हलवत होती. आवाज काही ऐकू येत नव्हता.

"मावशी, आलमारी उघडा! सगळ्यांचे फोन द्या. घरी सांगू द्या."

उघडली. एकशे पाच फोन, मी आणि दोन शिक्षक मिळून वाटले. पडवीत सगळ्या पोरांनी फोन कानाला लावले. "हाव माय, शाळेतच आहो." "नाही बाबा, भिजलो नाही." कोणी भिंतीकडे तोंड करून, कोणी खांबाआड. फोन चालू होताच राहिलेल्या कॉलचे मेसेज धडधड येऊन पडत होते, वाजतच होते. तेव्हा मला कळलं, पलीकडून हे लोक दोन तास लावत होते. आणि सगळे फोन बंद. माझ्या आलमारीत, कुलपात.

आणि मग रिंकू दिसली. खांबाजवळ. फोन कानाला. लाल रबर.

"हाव आई... हाव... मॅडम हायेत ना... तू नको येऊ. पाणी कमी झालं का येतो... हाव, डबा खाल्ला."

मध्ये थांबत होती, ऐकल्यासारखं. मान हलवत होती. हसलीही एकदा. बाजूच्या पोरी आपापल्या बोलण्यात. अशी खरीखुरी बोलत होती की मलाच क्षणभर वाटलं, लागला की काय फोन!

मी हाताला धरून तिला आत नेलं, खडू-नकाशाच्या खोलीत. माझा साधा बटणांचा फोन तिच्या हातात दिला. "बापाचा नंबर पाठ आहे ना? लाव."

तिसऱ्यांदा लागला. आईनं उचलला. एवढ्या मोठ्यानं बोलली की मलाही ऐकू आलं.
"रिंके! कोठी हायेस वं? मी रपट्यावरच उभी हावो! उतरूनच राह्यली होती पाण्यात!"
"नको उतरू माय! मी शाळेत हावो. चांगली हावो!"
"सगळ्यायच्या पोरायचे फोन आले. तुह्यं कोणी सांगेना. मले वाटलं तू सुटली शाळेतून, अर्ध्या रस्त्यावर आली..."
मग तिकडे रडणं, इकडे रडणं. मी दार लावून घेतलं आणि बाहेर उभी राहिली.

पावसाचा जोर चारला कमी झाला. साडेपाचपर्यंत रपटा उघडा पडला. सुखरामजींनी त्यांचा ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीत बसवून चार खेपांत पलीकडची सगळी पोरं नेली. सुखरामजी आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, धानाचे व्यापारी, आवाज मोठा. आज मात्र फक्त पोरं मोजत होते. शेवटच्या खेपेला रिंकू चढली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

सगळी सुखरूप. देवा, सगळी सुखरूप.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज नीट उजाडलंही नव्हतं तर फाटकावर लोक! "फोन काहून घेता आमच्या पोरायचे?" "काल काही झालं असतं तं?" सर हात जोडून उभे. त्यांचा स्वतःचा चेहरा रात्र न झोपल्यासारखा.

आणि चावी माझ्याच पदराला. फोन घेणारी मी. बंद करून घेतला की नाही, तेही मीच तपासत होती.

समितीची बैठक गुरुवारी.

रविवार, ३१ ऑगस्ट

यांना सगळं सांगितलं. रिंकूचंही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, यांच्या पोटात गोष्ट राहते हे मला माहीत आहे.

बराच वेळ वांग्याची कीड काढत राहिले. मग म्हणाले, "मंग तुले का वाटते? बंदी असावी का नसावी?"

मी खरं सांगितलं. महिनाभर वाटलं, असावी, शंभर वेळा असावी. पोरं पोरांसारखी दिसायला लागली. गुरुवारी त्या पडवीत वाटलं, नसावी, मी काय पाप करून राहिली. आणि आता पुन्हा वाटते, बंदी उठली तर दुसऱ्याच दिवशी लिंबाखाली रिंकू एकटी पुस्तक काढून बसणार. बाकी सगळ्यांचे फोन चालू, आणि तिचा पुठ्ठ्याचा.

"अवं, फॅक्टरीत आमचे फोन बाहेर रहात. पण एक फोन तं आत चालू राहेच. घरून निरोप आला का माणूस येऊन सांगे. माहा बाप गेल्याचं तसंच तं कळलं मले."

एवढंच बोलले. मग एक मोठं वांगं तोडून माझ्या हातात दिलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

बैठक झाली! सांगते.

नववीच्या खोलीत सतरंजी टाकली. शंभरावर पालक. मी चहा देत होती. सुखरामजी उभे राहिले. "माही नात आठवीत हाये. त्या दिवशी दोन घंटे मी फोन लावून राह्यलो. बंद! बंद! बंद! दोन घंटे का असते ते मले इचारा. बंदी उठवा." टाळ्या पडल्या. खोटं काय होतं त्यात?

सर बोलले. अभ्यास सुधारला, भांडणं कमी झाली, वहीत अक्षर दिसायला लागलं. खरं तेही होतं. पण लोक ऐकायच्या मनात नव्हते. मागून कोणी म्हणालं, "अक्षर घेऊन का करू सर, पोरगी वाहून गेल्यावर!" सर खाली बसले.

तेवढ्यात कुंताबाई उठली. मासोळीची टोपली बाहेर ठेवून आली होती. मनात म्हटलं, आता ही सगळ्यांसमोर सांगणार, माझ्या पोरीजवळ फोनच नाही! रिंकू खिडकीबाहेर पोरींसंगं उभी होती, मला दिसत होती.

कुंताबाई एकवार माझ्याकडे पाहून बोलली, "सुखरामजी, मी तं पाण्यात पाय टाकला होता. तुमी ट्रॅक्टर घेऊन आले त्याच्या पहिले. मले थांबवलं ते मावशीच्या फोनानं. लहानसा फोन, बटणाचा. मले सांगा, शंभर फोन कायले पाह्यजेत? एक चालू राह्यला तं माही पोरगी बोलते ना. शाळेत एक फोन चालू ठेवा. कोणी उचलणारं ठेवा. बस."

तिनं पदर सावरला आणि बसली. पोरीच्या फोनाबद्दल एक अक्षर नाही. तिला त्या दिवशीच कळलं असणार, आईला कळत नाही असं होतं का?

मग माझं तोंड कसं उघडलं, मलाच माहीत नाही. एकोणतीस वर्षांत बैठकीत चहाशिवाय मी काही दिलं नाही. म्हटलं, "सर, माझा फोन ठेवा. मी दिवसभर ऑफिससमोरच बसलेली असते. कोणाचाही आला तर उचलीन, वर्गात जाऊन निरोप देईन. आणि आभाळ भरलं, नदीनं रंग बदलला, तर कोणाची वाट न पाहता आलमारी उघडीन. तेवढी मला मुभा द्या."

सुखरामजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं पहिल्यांदाच दिसली. मग म्हणाले, "आणि तुमी सुटीवर गेल्या तं?"
"फोन ठेवून जाईन."
हसले! सगळेच हसले. "लिहा सर," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत राहू द्या. मंग पाहू."

संध्याकाळी सरांनी स्वतः शिडीवर चढून फाटकाच्या पाटीवर रंगानं माझा नंबर लिहिला. नंबराखाली — रत्नमाला मावशी. शिडी मी धरली होती. नाव केवढं मोठं लिहिलं! हे मुद्दाम पाहायला आले, फोटो काढला, आणि तो फोटो कोणाकोणाला पाठवला देव जाणे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज अकरा फोन. दोन डबे विसरल्याचे. एक "पोरगं पोचलं का?" एक चुकून, त्याला विटा पाहिजे होत्या. एका आजीनं सांगितलं, "आठवीच्या रोशनीले सांगजा, बकरी व्याली. दोन पिलं. एक पांढरं." वर्ग चालू होता, पण निरोप तो निरोप! दारात उभं राहून सांगितला. सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून हसले.

आणि एक यांचा. "अवं, मिठाचा डबा कोठी ठेवला?"
सांगितलं. आणि दम दिला, हा नंबर आता सरकारी आहे म्हणून.

लिंबाखाली रिंकू नववीच्या पोरींसंगं बसली होती. डब्यात मासोळी होती, सगळ्यांनी काटे काढत काढत खाल्ली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

नवीनच निघालं. मोनूचे वडील आले. फोन चालू होत नाही म्हणे, तुमच्या आलमारीत ओल लागून बिघडला. सर म्हणाले, पाहू. पण ते गेल्यावर कपाळाला हात. आज एक आला, उद्या दहा येतील.

"मावशी, सोमवारी एक करू. आलमारीतला प्रत्येक फोन चालू करून पाहायचा. रजिस्टरमध्ये नावापुढे लिहायचं, चालू की बंद. वर्गशिक्षक सही करतील, वर्गात वाचून दाखवतील. म्हणजे पुढं वाद नको."

वर्गात वाचून दाखवतील! मी लगेच म्हटलं, "सर, शिक्षकांचा तास कशाला मोडता? मी एकटी करते. सही मी करते. वाचून दाखवायची काय गरज? रजिस्टर ऑफिसात राहील."
सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "जमेल?"
"पडद्याचे कप्पे शिवले, ते जमलं ना?"
"बरं. तुमच्यावर सोडलं."

शनिवार, १३ सप्टेंबर

सकाळची शाळा होती. सगळं शिकून घेतलं. बारावीच्या पोरीनं दाखवलं, मोठे फोन कसे चालू होतात, कोणतं बटण किती वेळ दाबायचं. यांनी तीन तऱ्हेचे चार्जर पिशवीत घालून दिले. "चार्ज उतरला असला तं बंद नको समजू. लावून पाह्य."

आयुष्यात रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं नाही. घंटा दोन मिनिटं उशिरा दिली तर तेही सांगून टाकणारी मी. सोमवारी एक खोटा शब्द लिहायचा आहे, नववी, सतरा नंबर, चालू. यांना विचारलं, पाप लागेल का?
"एकच तं हाये," म्हणाले. "माह्या खात्यात टाक."

शांत झोप येईल.

सोमवार, १५ सप्टेंबर

प्रार्थना सुरू झाली तशी ऑफिसचं दार लोटून बसली. एकशे सहा फोन. एकेक काढला, बटण दाबून धरलं. जो उजळला नाही त्याला चार्जर लावला, वाट पाहिली, पुन्हा दाबलं. मोनूचा तसा उजळला; जे तरीही उजळले नाहीत त्यांची झाकणं उघडली.

एकाच्या आत लाकडाची पट्टी निघाली, तासून गुळगुळीत केलेली. एकात कौलाचा तुकडा. एक तर नुसतं कव्हर, आत वहीची पानं घट्ट दुमडून. बारावीच्या एका पोराच्या फोनाला नुसती काच, पाठीमागून कोळशानं काळी केलेली.

रिंकूचा धरून असे एकोणीस.

एकशे सहा नावांपुढे 'चालू' लिहिलं. खाली सही केली.